तांबड्या बोक्याचा वारस

करंजवड्याच्या नरसिंगराव इनामदारांना आपल्या तांबड्या बोक्याचा भारी अभिमान. गावात कुठंही तांबडं पिल्लू जन्मलं, की ते आपल्याच बोक्याचं, म्हणजे आपलंच, असं सांगून ते उचलून आणवत.

गावाचं धान्याचं कोठार तानूबाईंच्या ताब्यात होतं. त्यांची मांजर पांढरी, अंगावर काळे-तांबडे ठिपके. ती व्याली, तेव्हा पिल्लांत एकच बोका निघाला, तोही तांबडा. कोठारात उंदरांनी उच्छाद मांडलेला, आणि हे पिल्लू दूध सुटायच्या आतच उंदरांवर झेपावू लागलं. तेवढ्यात इनामदारांचा गडी येऊन त्याला घेऊन गेला.

तानूबाई मांजरीला काखोटीला मारून गढीवर गेल्या.

"पिल्लाचा रंग बघा की," इनामदार मिशीवर हात फिरवत म्हणाले. "बाप कोण ते रंगच सांगतो."

"तांबडा रंग हिच्याही पाठीवर आहे, सरकार. पण आपलंच खरं धरू," तानूबाई शांतपणे म्हणाल्या. "त्या तसबिरीतले आपले वडील, थोरले सरकार, गोरेपान, घाऱ्या डोळ्यांचे. आपण सावळे, काळ्याभोर डोळ्यांचे, हुबेहूब आईसाहेब. रंग बघून वारस ठरवायचा, तर ही गढी कुणाला द्यायची?"

आधी हसू आलं ते पडद्याआडून, आईसाहेबांचं. मग इनामदारांनाही हसू आवरेना.

"पिल्लू आईवर गेलंय," ते गड्याला म्हणाले. "आईकडंच पोचवून ये."