आधी कोण आ करणार?

ऐका रे बारक्यांनो. नुसतं ऐकू नका, माझ्याबरोबर तोंड हलवा. तोंड मिटून ऐकायची ही गोष्टच नाही.

एक होती चिचुंद्री. बोटाएवढी. नाक लांब, डोळे मोहरीएवढे. आणि हिंमत? हिंमत म्हशीएवढी!

एकदा तिला सापडला खोबऱ्याचा तुकडा. पांढरा पांढरा, गोड गोड. सकाळपासून पोटात काही नव्हतं. ती तुकडा ढकलत निघाली. तुरूतुरू, तुरूतुरू.

वाटेत बसला होता बेडूक. त्याला वाटलं, पांढरं पाखरू चाललंय! जीभ काढली, गपकन ओढलं, तोंड मिटलं.

खोबरं ते! कडक! गिळता येईना. मग सोडावं की नाही? छे! दुसऱ्याचं असलं तरी सोडवेना. असा हावरट.

"बेडूकदादा, बेडूकदादा, माझं खोबरं दे. आ कर."

बेडकाने गाल फुगवले. "प् प् प्!"

ओठ घट्ट मिटले. मिटून आलं, ते व्यंजन.

मग तो नाकातून म्हणाला, "मी नाही आधी. शेळीने आ केला, तर मी आ करीन."

नाकातून का? तोंड उघडलं तर खोबरं पडेल ना!

चिचुंद्री निघाली. तुरूतुरू, तुरूतुरू.

गोठ्यात होती शेळी. तोंडात पाला. चबर चबर.

"शेळीताई, शेळीताई, आ कर.
बेडूक म्हणे प्, ओठ मिटले.
कुणी म्हणून आ करीना,
माझं खोबरं मला मिळेना!"

"त् त् त्!" शेळीची जीभ दातांना लागली. मिटून आलं, ते व्यंजन.

मग ती नाकातून म्हणाली, "मी नाही आधी. सुतारपक्ष्याने आ केला, तर मी आ करीन."

चिचुंद्री निघाली. तुरूतुरू, तुरूतुरू.

माडावर होता सुतारपक्षी. चोचीत किडा.

"सुतारदादा, सुतारदादा, आ कर.
शेळी म्हणे त्, जीभ दाताला.
बेडूक म्हणे प्, ओठ मिटले.
कुणी म्हणून आ करीना,
माझं खोबरं मला मिळेना!"

"ट् ट् ट्!" सुतारपक्ष्याची जीभ वर वळली, वरच टेकली. मिटून आलं, ते व्यंजन.

मग तो नाकातून म्हणाला, "मी नाही आधी. पालीने आ केला, तर मी आ करीन."

चिचुंद्री निघाली. तुरूतुरू, तुरूतुरू. पोटात गुरगुर, गुरगुर.

भिंतीवर होती पाल. तोंडात माशी.

"पालबाई, पालबाई, आ कर.
सुतार म्हणे ट्, जीभ वर वळली.
शेळी म्हणे त्, जीभ दाताला.
बेडूक म्हणे प्, ओठ मिटले.
कुणी म्हणून आ करीना,
माझं खोबरं मला मिळेना!"

"च् च् च्!" पालीची जीभ टाळूला चिकटली. मिटून आलं, ते व्यंजन.

मग ती नाकातून म्हणाली, "मी नाही आधी. कोंबडीने आ केला, तर मी आ करीन. आणि भिंतीला शेपूट लावू नकोस, जा!"

चिचुंद्री निघाली. तुरूतुरू, तुरूतुरू.

अंगणात होती कोंबडी. चोचीत गांडूळ. हे एवढं लांब!

"कोंबडीकाकू, कोंबडीकाकू, आ कर.
पाल म्हणे च्, जीभ टाळूला.
सुतार म्हणे ट्, जीभ वर वळली.
शेळी म्हणे त्, जीभ दाताला.
बेडूक म्हणे प्, ओठ मिटले.
कुणी म्हणून आ करीना,
माझं खोबरं मला मिळेना!"

"क् क् क्!" कोंबडीचा घसा बंद झाला. मिटून आलं, ते व्यंजन.

मग ती नाकातून म्हणाली, "मी नाही आधी. ओटीवरच्या गोंद्याने आ केला, तर मी आ करीन. पण तो कसला करतोय! एवढंसं पोर. दात नाही, जीभ वळत नाही. त्याला काय येतंय?"

चिचुंद्री निघाली. तुरू... तुरू... पाय दुखले. पण थांबली नाही हो!

ओटीवर बसला होता तान्हा गोंद्या. आईच्या हातात मऊ मऊ भात.

"आ कर रे सोन्या. हा घास आत्याचा. हा घास मामाचा."

"म् म् म्!" गोंद्याने ओठ मिटले. मिटून आलं, तेही व्यंजन! मान इकडे, मान तिकडे. भात नाकाला, भात कानाला.

"गोंद्याबाळा, गोंद्याबाळा, आ कर.
कोंबडी म्हणे क्, घसा बंद झाला.
पाल म्हणे च्, जीभ टाळूला.
सुतार म्हणे ट्, जीभ वर वळली.
शेळी म्हणे त्, जीभ दाताला.
बेडूक म्हणे प्, ओठ मिटले.
कुणी म्हणून आ करीना,
माझं खोबरं मला मिळेना!"

गोंद्याने बोट दाखवलं. आधी कुणी आ करायचा?

चिचुंद्रीने मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"मी?"

गोंद्याचं बोट हललं नाही.

"हात्तिच्या! जो तो म्हणतो, मी नाही आधी, मी नाही आधी! मग मीच आधी!"

चिचुंद्री मागच्या दोन पायांवर उभी राहिली. नाक वर केलं. आणि...

"आऽऽऽऽ!"

ओठ मिटले? नाही! जीभ दाताला लागली? नाही! टाळूला चिकटली? नाही! घसा बंद झाला? मुळीच नाही! वाट सगळी मोकळी. उघडं आलं, तो स्वर!

गोंद्याचे डोळे मोठे झाले. गोंद्याचं तोंड मोठं झालं.

"आऽऽऽऽ!"

आईने घास घातला. गपकन!

गोंद्याला मजा वाटली. "ईऽऽ!" ओठ ताणले, पण मिटले नाहीत. "ऊऽऽ!" ओठ गोल झाले, पण मिटले नाहीत. "एऽऽ! ओऽऽ!" सगळे स्वर. घास आत, स्वर बाहेर! आई हसून हसून दमली. "अगं बाई, एवढ्याशा पोराला स्वर येतात की!"

चिचुंद्री धावली. तुरूतुरूतुरूतुरू!

"कोंबडीकाकू, गोंद्याने आ केला! बोललीस ना? आता कर!"

कोंबडी काय करणार? शब्द दिला होता. "क्... क्... आऽऽ! काऽऽ!" गांडूळ सुळकन पळालं.

"पालबाई, कोंबडीने आ केला! आता कर!"

"च्... च्... आऽऽ! चाऽऽ!" माशी उडाली, भुर्र!

"सुतारदादा, पालीने आ केला! आता कर!"

"ट्... ट्... आऽऽ! टाऽऽ!" किडा खाली पडला, धपकन!

"शेळीताई, सुताराने आ केला! आता कर!"

"त्... त्... आऽऽ! ताऽऽ!" पाला सांडला सगळा.

आता राहिला बेडूक. गाल फुगलेले, डोळे बाहेर. चिचुंद्री त्याच्या नाकासमोर उभी राहिली. बोटाएवढी, पण हलेना.

"बेडूकदादा, शेळीने आ केला. आता?"

"प्..."

"पुढे?"

"प्... प्..."

"नुसत्या प् ने तोंड उघडत नसतं! स्वर घे स्वर!"

"प्... आऽऽ! पाऽऽ!"

टप्प! खोबरं पडलं. थेट चिचुंद्रीच्या पायाशी.

बेडूक म्हणाला, "अगं, मला वाटलं पाखरू होतं."

"पाखरू तर पाखरू. माझं ते माझं!"

आणि तिने खाल्लं. कुटुम कुटुम. तिथेच बसून, सगळ्यांच्या समोर. शेवटचा कण चाटून झाला, तेव्हा नाक वर करून म्हणाली, "आऽऽऽ!" पोट भरल्याचा आ. तो तर सगळ्यात मोठा.

चला, आता तुमची पाळी. म्हणा, प्. काय मिटलं? ओठ! म्हणा, क्. काय बंद झालं? घसा! म्हणा, आऽऽ. काय मिटलं?

काहीच नाही!

शाबास. आता तोंड उघडलंच आहे, तर मिटू नका.

घास राहिलाय तुमचा.