गाडीपुढे मांडलेले पान

एकदा एक व्यापारी आपल्या नव्या मोटारीतून एका मठात आला. मक्यापासून इंधन करण्याचा कारखाना त्याने काढला होता आणि मठाच्या कोठारातला सगळा मका त्याला हवा होता. भाव बाजारापेक्षा चढा. कोठार सांभाळणारा शिष्य हरखून गेला. याच मक्यावर मठाची रोजची पंगत चाले, रानात मजुरी करणाऱ्या बायाबापड्या तिथे जेवत. पण "आत्ता विकू, लागेल तसा पुन्हा घेऊ," असा त्याचा सरळ हिशेब होता.

वृद्ध गुरू म्हणाले, "आधी जेवणे होऊ देत. पहिले पान शेटजींच्या मोटारीपुढे मांड."

गुरुजींचे वय झाले, असे शिष्याच्या मनात आले. तरी त्याने पान मांडले आणि मक्याच्या कण्या वाढू लागला. पानावरचा माणूस 'पुरे' म्हणेपर्यंत वाढप्याने पुढे सरकायचे नाही, ही मठाची रीत. मोटार कशाची बोलते! डावावर डाव पडत राहिले, ढीग पानाबाहेर गेला. व्यापारी हसत पाहत होता. पंगतीच्या टोकाची म्हातारी म्हणाली, "बाबा, गाडीचं झालं असंल तर हिकडं बी या की."

पातेल्याचा तळ लागला. "गुरुजी, या मोटारीला कधीच पुरे होणार नाही!" शिष्य वैतागला.

"नाहीच होणार," गुरू म्हणाले. "चढ्या भावाने पिकवणाऱ्याला चार पैसे मिळतील, हे खोटे नाही. पण तो भाव पाहून लोक ज्वारी सोडून मका पेरतील. मग ज्वारी महागेल, कोंबड्यांचे खाद्य महागेल, अंडे महागेल. मजुरी काही त्या वेगाने वाढत नाही. तू पुन्हा घ्यायला बाजारात जाशील तेव्हा ही मोटार तुझ्याआधी उभी असेल. तिच्या धन्यापेक्षा जास्त भाव ही म्हातारी देईल का?"

"महाराज, पण गाड्या तर चालायला हव्यात," व्यापारी म्हणाला.

"हव्यातच. किडका, भिजका मका आहे, तो खुशाल न्या."

शिष्याला आपल्या हिशेबाची लाज वाटली. पानावर राहिलेल्या कण्या त्याने पातेल्यात भरल्या आणि पंगतीच्या दुसऱ्या टोकापासून वाढायला सुरुवात केली.

"मग चांगल्या मक्याचं काय ठरलं?" व्यापाऱ्याने विचारले.

शिष्याने मान वर केली नाही. "आधी ह्यांना जेवू द्या, शेटजी. उरला तर बोलू."