जाबशिळेपर्यंतच्या पायघड्या

राजाला जाबशिळेवर उभं करायचं कसं, या एका प्रश्नाने नांदरखिंडीच्या पंचसभेची झोप उडवली होती.

नांदरखिंडीत राजा सभाच निवडायची. गादीवर बसताना तो शपथ घ्यायचा, "सत्ता रयतेसाठी वापरीन." शपथ मोडली, तर त्याने चौकातल्या काळ्या जाबशिळेवर उभं राहायचं आणि सभेने त्याला जाब विचारायचा. शिळेवरच्या माणसाने उत्तरं द्यायची, हुकूम सोडायचा नाही, अशी रीत. दोष ठरला तर डोक्यावरचा मंदील उतरला, राज्य गेलं!

पण राजे मानाजीराव शिळेकडे फिरकायलाच तयार नव्हते. त्यांचं फर्मानच होतं, महाराजांचे पाय जमिनीला लागता कामा नयेत. जातील तिथे पायघड्या! त्यासाठी शिपाई घराघरांतून लुगडी, धोतरं, अगदी बाळंतिणीची दुपटीसुद्धा ओढून नेत. आणि ज्याच्यामुळे महाराजांचा पाय मातीला लागेल, तो तुरुंगात. मुकुंदशेट विणकरांनी लेकीच्या लग्नाचा शालू दिला नाही, तर त्यांनाही आत टाकलं. इकडे लग्न तोंडावर आलेलं, आणि त्यांची लेक सगुणा बिचारी रिकाम्या मागापाशी डोळे पुसत बसलेली.

हे सगळं येसू परटिणीला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. ती मुकुंदशेटची शेजारीण. तशी गावात कोणाकडे काय चाललंय, ते तिला धुण्यावरूनच कळायचं. राजाच्या पायघड्या अंथरायच्या, उचलायच्या आणि धुवायच्या, हे कामही तिचंच.

सभेचे वडीलधारे भिकाजीनाना तक्रार घेऊन दरबारात गेले, तेव्हा ती कोपऱ्यात घड्या घालत होती.

"महाराज, शिळेवर या," नाना म्हणाले.

"आणा की!" मानाजीराव मिशीला पीळ देत म्हणाले. "मला हात लावायचा नाही, खोटं बोलायचं नाही, हातापाया पडायचं नाही. मी माझ्या पायांनी चालत आलो पाहिजे. कोण आणतंय?"

येसूने हातातली घडी खाली ठेवली.

"मी आणते," येसू म्हणाली.

"तू? कधी?"

"उद्या. धुणं आटपता आटपता."

"आणि नाही जमलं तर मुकुंदशेटशेजारच्या कोठडीत बसशील ना?"

"बसेन की. शेजार तर तोच राहील."

त्या संध्याकाळी येसू घरोघर हिंडली. "उद्या महाराज देवळातून परतताना तुमच्या कापडावरून पुढे गेले, की आपापलं उचला आणि घरी न्या." एवढंच.

सकाळी मानाजीराव देवदर्शन करून निघाले. पुढे येसू घडीमागून घडी उलगडत होती. महाराजांची मान नेहमीसारखी वर. कोण वाकतंय, कोण वाकत नाही, हे बघण्यातून त्यांना खाली बघायला सवड कुठली? पायाखाली मऊ लागतंय ना, मग चाललेत! त्यांची पाठ वळली, की मागून एकेक बाई येऊन आपलं लुगडं झटकून काखेत मारत होती.

चौकात आल्यावर येसूने वाड्याची वाट सोडली आणि पायघड्या अलगद डावीकडे वळवल्या. महाराजांच्या पायाला एक उंचवटा लागला. आली वाड्याची पायरी, असं समजून ते ऐटीत चढले. पुढच्या पायरीसाठी पाय उचलला, तर पायरीच नाही!

त्यांनी खाली पाहिलं. शेवटच्या घडीखाली काळी शिळा.

"येसू! पुढची पायघडी कुठाय?"

"संपल्या, महाराज."

"मागच्या?"

"ज्यांच्या होत्या ते घेऊन गेले. ऊन चांगलं पडलंय, वाळतील तरी."

"शिपाई! घेऊन या ती कापडं!"

नानांनी काठी आपटली. "शिळेवरून हुकूम चालत नाही, महाराज."

"मग मी असाच उतरतो!"

"उतरा ना," येसू म्हणाली. "पण महाराजांचा पाय मातीला लावील त्याला तुरुंग. फर्मान तुमचंच आहे, आमचं काही नाही."

राजांचा खाली येऊ घातलेला पाय तसाच अधांतरी राहिला. चौकातल्या बायका पदर तोंडाला लावून हसू दाबू लागल्या.

नानांनी विचारलं, "कापडं कोणाची?"

"रयतेची."

"राजीखुशीने कोणी दिली?"

महाराजांनी चौकभर नजर फिरवली. "कोणी नाही."

"मुकुंदशेटांचा गुन्हा काय?"

"त्यांचा शालू त्यांनी मला दिला नाही," मानाजीराव म्हणाले आणि स्वतःचंच बोलणं कानावर पडताच ओशाळले.

"सभेला आणखी काही विचारायचं नाही," नाना म्हणाले.

ऊन चढत होतं. महाराजांना घाम फुटला. "येसू, आता मी उतरू कसा?"

"एवढं लांबलचक कापड डोक्याला गुंडाळलंय की! रयतेच्या कापडावरून पुष्कळ चाललात, आता जरा स्वतःच्या कापडावरून चालून बघा."

मानाजीरावांनी मंदील सोडून खाली अंथरला. दोन पावलं टाकली आणि मग कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की सभेने द्यायची शिक्षा आपण आपल्याच हाताने करून घेतली! तेवढ्यात मंदील संपला आणि पाय पडला तापलेल्या मातीवर. "आई गं!" करत ते टुणकन उडाले. इकडे उडाले तर इकडे चटका, तिकडे उडाले तर तिकडे. सगळा चौक हसला आणि उड्या मारता मारता महाराजही खो खो हसू लागले.

"माझा पाय मातीला मीच लावला," डोळे पुसत ते म्हणाले. "आता तुरुंगात मी!"

"मग किल्ली घेऊनच जा," येसू म्हणाली. "आधी मुकुंदशेटना बाहेर काढा, जागा झाली की बसा."

सभेने मंदील येसूच्या स्वाधीन केला. मानाजीरावांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या पुढ्यात ठेवलं आणि अनवाणी, चटके खात तुरुंगाकडे निघाले. जाता जाता वळून विचारलं, "येसू, मंदील परत कधी मिळेल गं?"

"डाग निघाला की."

"आणि नाही निघाला तर?"

येसूने मंदील झटकला आणि उन्हाला धरून नीट निरखला. "तर दुसऱ्या कोणाच्या डोक्याला बसतोय का बघू. कापडात काही खोट नाही, महाराज!"

मानाजीराव जे हसत सुटले, ते तुरुंगाच्या दारापर्यंत हसतच गेले.