कारवंडीची ठमी आणि आसरांचं पाणी

विजेचा खांब कसा असतो हेही आपल्या डोंगरात कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हाची, फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नीट बसा, आणि आसरांचं नाव निघालं की दात काढू नका. मग काही झालं तर मला बोल लावाल.

कारवंडी ही महादेव कोळ्यांची वाडी. वाडीच्या वर काळाशार डोह. त्यात साती आसरा राहतात, असं म्हणतात. पाण्यातल्या सात बहिणी त्या. तान्हं पोर मनात भरलं की घेऊन जातात.

एका साली शहरातून दोघं जण आले. त्यांनी वाडीला हाताशी धरून डोहापासून पाट खणला आणि खाली लोखंडी चाक बसवलं. पाणी पडलं की चाक फिरायचं, चाक फिरलं की वीज. घरटी एक बल्ब. पहिल्यांदा तो पेटला तेव्हा म्हाताऱ्या चुलीशी बसून रडल्या. पण कोंडाजी भगत म्हणाला, "पाणी आसरांचं हाये. आवसेला दिवेलागणीला त्या न्हायला येत्यात. तेवढा येळ पाणी त्यांचं त्यांना सोडायचं." सगळ्या वाडीनं डोहाचं पाणी हातात घेऊन शब्द दिला.

चाक सांभाळायची ठमी. तरणेपणी विधवा झालेली, जिभेची तिखट, कामाला वाघीण. आवस आली की ती पाटाच्या तोंडाशी लाकडी फळी पाडायची, पाणी अडायचं, आणि सगळी वाडी अंधारात गप बसायची. कुत्रीसुद्धा भुंकत नसत. डोहाकडून बांगड्यांचा आवाज यायचा, असं म्हणतात.

पुढं पोळ्याची आवस आली. धुकं असं की दिवसाच हाताला हात दिसेना. ठमीची एकुलती लेक सगुणी बाळंतपणाला आलेली, सकाळपासून अडलेली. गिरजा सुईण म्हणाली, "ठमे, पोर आडवं हाये. उजेड ग्येला तर दोन्ही जीव जातील."

ठमी पाटाशी गेली आणि फळीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. कोंडाजी ओरडला, "फळी पाड गं! दिवेलागण झाली!"

"जरा थांबा म्हणावं त्यांना!" ठमी म्हणाली. "त्याबी कुणाच्या तरी पोटच्याच ना?"

तिनं फळी पाडली नाही. बल्बच्या उजेडात गिरजानं पोर फिरवलं, आणि मुलगी झाली. तिचं रडणं कानावर आलं तेव्हा कुठं ठमीनं फळी पाडली.

पाट कोरडा पडला. पण चाक थांबेना! थेंबभर पाणी नाही आणि चाक गरगर फिरतंय. घराघरातले बल्ब पांढरेफटक झाले. त्या उजेडात माणसांच्या सावल्या पडेनात. सगुणीच्या खोलीत मात्र भिंतीवर सात सावल्या उभ्या राहिल्या, केस मोकळे सोडलेल्या, बाळावर वाकलेल्या. बाळाचं रडणं थांबलं. ते निळं पडायला लागलं.

गिरजाची किंकाळी ऐकून ठमी धावत आली. तिनं भिंतीकडं पाहिलं आणि काय समजायचं ते समजली. भ्याली ती, कोण भिणार नाही? पण तशीच डोहाकडं पळाली आणि कमरेएवढ्या पाण्यात शिरली.

"शब्द मी मोडला," ती म्हणाली. "लेकरानं तुमचं काय वाईट केलंय? मला न्या. आणि भिऊ नका, फुकट खाणार न्हाई मी तुमच्यात."

चाक थांबलं. अंधार झाला, आणि त्या अंधारात बाळ टाहो फोडून रडलं. उजेड जाता जाता गिरजानं भिंतीकडं पाहिलं होतं. सावल्या दाराकडं निघाल्या होत्या, आणि त्या आठ होत्या. मरेपर्यंत ती हेच सांगायची.

ठमी पुन्हा कुणाला दिसली नाही. आता कारवंडीच्या छपरांवर उन्हावर वीज करणाऱ्या पाट्या बसल्यात, तरी आवसेला दिवेलागणीला सगळी वाडी बटणं बंद करते. डोहावर खण आणि हिरव्या बांगड्या ठेवतात. सात बहिणींना, आणि ठमीलाही. विधवेला बांगड्या कशा, असं तिथं कुणी विचारत नाही.

फक्त ज्या घरात बाई अडलेली असते, तिथला बल्ब चालू राहतो. सुईण आधी डोहाकडं तोंड करून हाक मारते, "ठमे, उजेड धर गं!" आणि मगच बाळंतिणीला हात लावते. आसरा रागवत नाहीत का? रागवत असतील. पण त्यांच्याशी भांडायला आता ठमी आहे तिथं.