पलीकडच्यांची नावं

एका राज्यात गादी होती एक आणि राजपुत्र होते दोन. थोरला नदीच्या अलीकडं, धाकटा पलीकडं. दोघांनी झेंडे रोवले, आणि सोयरीक असलेली गावं एकमेकांवर धावून गेली.

लढून लढून शिपाई थकले, गाव आठवून रडू लागले. तेव्हा थोरल्यानं मांत्रिकाकडून मायभूमीचं एक गाणं आणलं अन् आपल्या शाहिरीण सगुणाबाईला दिलं. तिनं डफावर थाप मारावी अन् पडलेला शिपाई उठून उभा राहावा. पण गाणं शापित होतं. पहिल्या दिवशी शिपाई भूक विसरले, दुसऱ्या दिवशी जखमा विसरले, तिसऱ्या दिवशी घर विसरले.

सगुणाचा लेक धोंडू त्याच फौजेत. ती जवळ गेली, तर म्हणाला, "बाई, वाट सोडा."

सगुणा पिंपळाखाली जाऊन रडली. पिंपळावरची साळुंकी म्हणाली, "शाप उतरवायचा तर पलीकडच्या विहिरीचं पाणी पी, पलीकडच्या चुलीची राख कपाळी लाव, आणि पलीकडचं जे तू कधी गायली नाहीस, ते गा."

नदीनं तिच्यासाठी पाणी घोट्याइतकं केलं. पलीकडं जाऊन सगुणा विहिरीचं पाणी प्यायली, तिनं राख लावली आणि तिकडचा म्हातारा शाहीर भिकोबा याच्यापुढं उभी राहिली.

"काय गं, हेरगिरीला आलीस?"

"डफ घेऊन कुणी हेरगिरी करतं का, शाहीर? तुमच्याकडचं मी काय गायले नाही, ते सांगा."

शाहिरांची रीत अशी, की पोवाड्याच्या शेवटी रणात पडलेल्यांची नावं गावासकट घ्यायची. पण जो तो आपल्याच बाजूची घेई.

"आमचे मेलेले तेवढे गायली नाहीस," भिकोबा म्हणाला.

त्यानं नावं सांगितली. एक नाव सगुणानं पुन्हा विचारून घेतलं. मग तिनंही आपल्याकडची नावं त्याला दिली.

सकाळी रणशिंग वाजलं. सगुणानं मायभूमीचं गाणं बाजूला ठेवलं अन् सूर लावला, "बोरवाडीचा तुका पडला. शेंडगावचा कुशाबा पडला."

"ही तर शत्रूची नावं!" थोरला गरजला.

"शत्रूचीच, महाराज."

पलीकडून भिकोबाचा सूर आला. तो अलीकडची नावं घेत होता. "तुका? अरे, माझा मेहुणा तो!" थोरल्याच्या फौजेतून कुणी ओरडलं. तलवारी गळून पडल्या. धाकटा पाण्यात उतरला, थोरलाही उतरला. मधोमध भेटून दोघांनी एकच झेंडा ठेवला.

धोंडू मात्र सगुणाकडं बघत उभा होता.

"आई," तो म्हणाला, "मामाचा कुशादादा गेला? मामाला कळलं का गं?"

सगुणानं डफ टाकला अन् लेकाला पोटाशी धरलं. त्या राज्यात मग रणशिंग वाजलं नाही.