किटलीतली पुडी

"माझ्या ओळी कुणी काढल्या, बुवा?"

"मी."

शार्दूल घोलप दारातच उभा राहिला. डोक्यात नुसता भडका.

बुवा म्हणजे कराडच्या त्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतले सगळ्यांत जुने गणपुले. दाढी वाढली तशी पोरांनी त्यांचा बुवा केला. शार्दूलला हाताला धरून शिकवलं ते त्यांनीच. म्हणून तर गडी जास्त पेटला होता.

भांडण बिल्ड स्क्रिप्टचं. सगळ्यांनी लिहिलेला कोड एकत्र करून त्यातून चालतं सॉफ्टवेअर तयार करणारी ती फाइल. जो तो ती दिवसभर चालवतो, उघडून बघत मात्र कुणीच नाही. शार्दूलनं तिच्यात आपला स्वतःचा कोड घुसवला होता. कुणीही बिल्ड सुरू केलं, की त्या माणसाच्या मशीनवरच्या जुन्या फायली तो कोड परस्पर उडवायचा. काम कसं झपाझप व्हायला लागलं होतं!

"कुणाचं काही बिघडलं?"

"नाही."

"मग? सगळे खूश आहेत."

"त्यांना सांगितलं होतंस, काय चालतंय ते?"

"सांगायचं काय त्यात? चांगलंच आहे!"

बुवा पुन्हा स्क्रीनकडे वळले. शार्दूल आणखीच भडकला.

"त्या ओळी आज परत आल्या नाहीत, तर मी चाललो. उद्यापासून दुसरा कुणीतरी बघा."

बुवा उठले. सगळ्यांच्या चहाची किटली नुकतीच टेबलावर आली होती. त्यांनी खिशातून कागदाची एक पुडी काढली, शार्दूलच्या डोळ्यांदेखत किटलीत रिकामी केली आणि चमच्यानं ढवळलं.

"घे."

"काय टाकलंत?"

"घे तर."

अच्छा! म्हातारा धडा शिकवायला निघालाय. शार्दूलनं कप भरला आणि बुवांच्या नजरेला नजर देत एका दमात घशाखाली घातला. जीभ पोळली, पण हूं की चूं केलं नाही.

"झालं? मी नाही घाबरत."

"दिसलं ते." बुवांनी किटली त्याच्या हातात दिली. "आता बाकीच्यांना दे."

पहिल्याच टेबलाशी रेवती बसली होती. तिचे दिवस भरत आले होते. स्क्रीनवरची नजर न काढताच तिनं कप पुढे केला.

"अर्धाच हं, शार्दूल."

किटली कलली... आणि थांबली.

"ओत ना रे."

त्याला स्वतःचाच संताप आला. आत्ताच तर आपण प्यायलो, काय झालं? काही नाही. मग ओतायला काय धाड भरलीय? पण हात काही हलेना.

रेवतीनं वर बघितलं. "काय रे?"

"नको... हा नको घेऊस तू."

त्यानं किटली बुवांच्या पुढ्यात आणून आदळली. कान लालबुंद झाले होते, आवाज मात्र चढाच होता.

"आधी सांगा, काय होतं त्या पुडीत?"

बुवांनी आपला कप भरला. फुंकर मारली. सावकाश एक घोट घेतला...

"सांगायचं काय त्यात? चांगलंच होतं."