दगडूमियांच्या दुकानातली दोन डोकी

"मग ते तुमच्याकडंच का येतात, चाचा?"

प्रणव बिडवेनं खाली बसायच्या आधीच विचारलं.

शहरात त्याचं तीन खुर्च्यांचं सलून होतं. केस कापण्याचा महागडा कोर्स त्यानं केला होता. तरी एक गोष्ट त्याला टोचत होती. केस गळत चाललेले पुरुष त्याच्याकडं एकदाच येत, आणि पुढच्या वेळी एसटीनं तासभर लांब खुलताबादला, या म्हाताऱ्याकडं जात.

दगडूमियांचं दुकान म्हणजे कडुलिंबाखाली एक टपरी, एक खुर्ची.

"माझ्या हातात काही खोट आहे का?" प्रणवनं विचारलं.

"नाही," दगडूमिया म्हणाले. "हात चांगला आहे तुझा."

"मग?"

"बस. गिऱ्हाईक येतंय."

चाळिशीतला एक माणूस आत आला. एका कानाजवळचे केस लांब वाढवून त्यानं ते टकलावरून दुसऱ्या कानापर्यंत नेले होते आणि काहीतरी चिकट लावून बसवले होते. तो खुर्चीत बसला, पण आरशात पाहिलं नाही.

"चाचा, मी बोलू?" प्रणव म्हणाला.

"बोल की."

प्रणवनं मोबाइलवर फोटो काढून दाखवले. हे बारीक मशीन. हे पूर्ण तुळतुळीत, सोबत भरगच्च दाढी. हा केसांचा पॅच, पोहलात तरी निघत नाही. ही पावडर, विरळ जागी शिंपडायची. आणि खर्चाची तयारी असेल तर केस लावूनही मिळतात.

"आता जे केलंय ना तुम्ही," तो म्हणाला, "ते सोडून काहीही चालेल."

एकही शब्द खोटा नव्हता. पण प्रत्येक फोटोगणिक माणूस खुर्चीत खाली खाली सरकत गेला.

"पुढच्या महिन्यात येतो," तो पुटपुटला आणि उठू लागला.

दगडूमियांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. नुसता ठेवला.

"भाऊ, नाव काय?"

"मनोहर."

"हे केस कुणासाठी जपता, मनोहरभाऊ?"

"आईसाठी," तो म्हणाला.

आईची नजर काचबिंदूनं गेली होती, त्याला चार वर्षं झाली. रोज संध्याकाळी ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची. मुलाचे दाट केस हा तिच्या कौतुकाचा विषय. ते गेलेत हे तिच्या हाताला कळू नये, म्हणून ही सगळी खटपट. मागच्या आठवड्यात मावसभावाच्या लग्नात वाऱ्यानं सगळं उडवलं. मांडवात लोक हसले. तेव्हापासून तो कुठं जातच नव्हता.

"आई कुठं आहे?"

"बाहेर. समोरच्या दर्ग्याच्या पायरीवर बसवून आलोय."

"घेऊन या."

"नको!" मनोहर दचकला. "तिला नाही सहन व्हायचं."

"बरं. मग आहेत तसेच नीट बसवून देतो. तेही येतं मला."

दगडूमियांनी खरंच कंगवा उचलला. प्रणव अस्वस्थ झाला. त्याला बोलायचं होतं, पण म्हाताऱ्यानं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

कंगवा दोनदा फिरला...

"राहू द्या, चाचा. किती दिवस लपवू?" म्हणत मनोहर उठला, बाहेर गेला आणि आईचा हात धरून आला.

म्हातारीला स्टुलावर बसवलं. तो खुर्चीत बसला, तसा तिचा हात सवयीनं त्याच्या डोक्याकडं गेला.

"आई," तो म्हणाला, "माझे केस..."

"ते चिकट तेवढं लावत जाऊ नको रे," ती म्हणाली. "हाताला लागतं. चार वर्षं सांगीन म्हणते."

"तुला माहीत होतं?"

"डोळे गेलेत माझे. हात गेलेत का?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढा खपून लपवायचास. म्हटलं, त्याला बरं वाटतंय तर वाटू दे."

मनोहरला आधी हसू फुटलं, मग डोळे भरले, मग पुन्हा हसू आलं. त्यानं पहिल्यांदा आरशात पाहिलं.

"काढा, चाचा. सगळीकडून सारखं, बारीक."

मशीन चाललं. लांब बट खाली पडली, तिच्याकडं कुणी पाहिलं नाही. दगडूमियांनी ओल्या फडक्यानं डोकं पुसलं, दाढीची कड सरळ केली आणि बाजूला झाले.

म्हातारीनं दोन्ही हातांनी मुलाचं डोकं धरलं. कपाळापासून मानेपर्यंत चाचपलं.

"जावळ काढलं तेव्हा अगदी असंच लागलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा किती रडला होतास!"

"आता नाही रडत."

"हो. मोठा झालास."

दोघं गेले. दर्ग्यासमोरून जाताना वारा सुटला होता. मनोहरचे दोन्ही हात आईच्या खांद्यावर होते.

प्रणव दगडूमियांकडं वळला.

"चाचा, तुम्हाला ठाऊक होतं? म्हातारीला सगळं कळलेलं असणार म्हणून?"

"मला कुठून ठाऊक असणार, बेटा?"

"आणि तिनं हंबरडा फोडला असता तर?"

"तर चहा मागवला असता तिच्यासाठी."

एवढ्यात दुसरं गिऱ्हाईक दारात आलं. पंचविशीचा पोरगा, मानेपर्यंत ओढलेली टोपी. खुर्चीत बसून त्यानं ती हळूच काढली आणि नजर पायांकडं वळवली.

दगडूमियांनी प्रणवला मानेनं खूण केली. "तू कर."

प्रणवनं मोबाइल खिशात ठेवला. पिशवीतून आपली कात्री काढली.

"ती राहू दे," दगडूमिया म्हणाले. "थंडी आहे... आधी हात ऊन करून घे."